सातपुड्यातील दारूसोड: खानदेशातील काही रुजलेल्या समजुतींचा इतिहास

दारूवाचून अंगाचा शीण उतरत नाही, दारूवाचून पाहुणचार पुरा होत नाही, दारूवाचून देव पावत नाही आणि दारू पिणे हा काही जमातींचा जन्मजात स्वभावच आहे, या समजुती खानदेशात इतक्या खोलवर रुजलेल्या होत्या की पिणारा, पाजणारा आणि त्या व्यवहारावर कर बसवणारा, असे तिघेही त्यांवर सारख्याच निष्ठेने विसंबून राहिले. तरीही याच प्रदेशात विसाव्या शतकात हजारो माणसांनी या समजुती उघडपणे तपासल्या, त्यांतील काही टाकून दिल्या आणि काही काळ तरी दारूविना जगून दाखवले. या घटनांचे तपशील पाहिले की दारूविषयीची समजूत एकट्या माणसाच्या मनात तयार होत नाही, तिच्यामागे जंगल, महसूल, कर्ज आणि घरातील सत्ता यांचा मोठा व्यवहार उभा असतो, हे दिसू लागते.

येथे खानदेश म्हणजे तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतला, उत्तरेस सातपुड्याने वेढलेला जुना जिल्हा अभिप्रेत आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर ते अनुक्रमे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. पुढील विवेचनातील बराचसा भाग त्या काळी पश्चिम खानदेशात आणि नंतर धुळे जिल्ह्यात मोडणाऱ्या तळोदा, शहादा, नवापूर व अक्कलकुवा या तालुक्यांतला आहे.

या डोंगरपट्ट्यातील भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इत्यादी समाजांत मोहाच्या झाडाला जे स्थान आहे ते केवळ दारूपुरते नाही. फाल्गुन-चैत्रात रात्रभर गळणारी त्याची मांसल, गोड फुले बायकामुले पहाटे वेचतात. ती वाळवून ठेवली की टंचाईच्या दिवसांत भाजून वा शिजवून खाता येतात, आणि पुढे त्याच झाडाच्या बियांचे तेल निघते. हीच वाळलेली फुले पाण्यात आंबवून, मातीच्या मडक्यात तापवून आणि वर येणारी वाफ बांबूच्या नळीतून थंड भांड्यात उतरवून दारू गाळली जाई. पूर्वजांच्या नावाने तिचे काही थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय ओठांना लावू नये असा प्रघात होता. नवसाच्या इंदल पूजेत, होळीत, लग्न ठरवताना आणि पंचांसमोर भांडण मिटवताना ती लागत असे. घरोघरी गाळलेली, मोजक्या प्रसंगी सर्वांनी मिळून प्यायलेली आणि पैशाच्या व्यवहाराबाहेर असलेली ही दारू व नंतरच्या काळात दुकानातून उधारीवर घेतलेली दारू यांत केवढा फरक आहे, हे ध्यानात न घेतल्यामुळे या विषयावरील बरेचसे लेखन फसले आहे. अर्थात, जुन्या काळी सारे आलबेल होते असेही मानण्याचे कारण नाही. घरी गाळलेल्या दारूनेही माणसे बरबाद होत, आणि पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार बायकांना तेव्हाही चुकत नसे.

हा फरक घडवून आणला तो आबकारी व्यवस्थेने. आबकारी म्हणजे मादक पदार्थांचे उत्पादन व विक्री यांवरील सरकारी नियंत्रण आणि त्यातून मिळणारा कर. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्याने आणि चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने आखलेल्या धोरणाने घरगुती गाळप गुन्हा ठरले, दारू मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांत तयार होऊ लागली आणि ती विकण्याचा हक्क मक्त्याने, म्हणजे ठरावीक रक्कम सरकारला भरण्याच्या बोलीवर, ठेकेदारांना दिला जाऊ लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी तर १८९२ मध्ये खुद्द मोहाच्या फुलांवर नियंत्रण आणणारा वेगळा कायदा झाला. परिणाम असा झाला की दाराशीच्या झाडाची फुले वेचणारा माणूस दारूपुरता गिऱ्हाईक बनला. जी वस्तू तो स्वतः करत असे तीच आता रोख पैशाने किंवा पिकावर उचल घेऊन विकत आणावी लागली, आणि भरलेला मक्ता वसूल व्हावा म्हणून ठेकेदाराला खप वाढवणे भाग पडले. कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल हे सरकारचे जाहीर सूत्र होते. परंतु जमीन महसुलाखालोखाल ज्या खात्यातून उत्पन्न येत होते, ते खाते खप खरोखर कमी व्हावा म्हणून झटेल ही अपेक्षाच मुळात अवास्तव होती.

याच काळात भिल्ल हा स्वभावतःच दारूबाज आहे ही समजूत सरकारी कागदपत्रांत पक्की झाली. १८२५ मध्ये जेम्स ऊट्रम याने खानदेश भिल्ल पलटण उभारली तेव्हापासून इंग्रज अधिकारी भिल्लांविषयी लिहीत आले होते, आणि १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्येही भिल्लांची दारूची आवड त्यांच्या जातिवर्णनाचाच भाग म्हणून नोंदवलेली आढळते. एखाद्या समाजाचे वर्तन विशिष्ट कर, विशिष्ट कायदा आणि विशिष्ट कर्जबाजारीपणा यांतून घडत असताना ते त्याच्या रक्तातच आहे असे लिहून ठेवले की तो कर, तो कायदा आणि ते कर्ज यांच्याविषयी प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. या वर्णनाने मोठा अन्याय केला, कारण ते अधिकाऱ्यांच्या दप्तरातून गावच्या पाटलाच्या, सावकाराच्या आणि शाळामास्तरांच्या बोलण्यात उतरले आणि अखेरीस ज्यांच्याविषयी ते केले होते त्यांनाही ते खरे वाटू लागले.

सावकारी आणि सालदारी या दोन व्यवस्थांनी त्याला बळ दिले. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने शेतमालकाकडे राबणारा गडी. त्याची उचल आधीच घेतलेली असे आणि ती फिटेपर्यंत त्याला मालक बदलता येत नसे. तापीकाठच्या सुपीक काळ्या जमिनी आदिवासींच्या हातून सुटत गेल्या त्या प्रक्रियेत दारूची उधारी, चढत जाणारे व्याज आणि नशेत घेतलेले अंगठे यांचा वाटा असल्याचे पुढे शहाद्याच्या चळवळीत वारंवार सांगितले गेले. दिवसभर राबलेल्या गड्याला संध्याकाळी दारू पाजणारा मालक उदार गणला जाई, आणि त्या उदारपणाची किंमत मजुरीतून कापली जाते हे हिशेब न येणाऱ्याच्या लक्षात येत नसे.

मराठी मध्यमवर्गात दारूविरोधी विचार साधारण याच सुमारास पण वेगळ्या वाटेने पुढे आला. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांची संख्या वाढवण्यास लेखी विरोध केला, आणि राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाने सुशिक्षित घराचा दारूने होणारा नाश महाराष्ट्रापुढे मांडला. त्या नाटकातील शोकांतिका एका बुद्धिमान वकिलाची आणि त्याच्या पत्नीची आहे. तेथे दारू एका माणसाच्या मानी स्वभावातून घरात शिरते. सातपुड्यात प्रश्न संपूर्ण समाजाचा होता आणि म्हणून उत्तरही समाजाने मिळून शोधले.

त्या उत्तराचा पहिला मोठा आविष्कार १९२२-२३ मधील देवीची चळवळ हा होय. किनारपट्टीवरील कोळी समाजात देवी रोगाच्या शांतवनासाठी सुरू झालेला एक विधी पालघरच्या बाजूने पूर्वेकडे सरकत डांग, धरमपूर, सुरत जिल्हा आणि बडोदे संस्थानातील आदिवासी मुलखात पोचला आणि तेथून खानदेशाच्या पश्चिम भागात आला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चळवळीचा माग काढला आहे. सलाबाई या नावाने ओळखली जाणारी ही देवी माणसांच्या अंगात येई आणि त्यांच्या तोंडून आज्ञा देई: दारू व ताडी पिऊ नका, मांस खाऊ नका, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, दारूच्या दुकानदाराकडे राबू नका. दक्षिण गुजरातेत हे दुकानदार व ताडीचे ठेकेदार मुख्यतः पारशी होते आणि त्यांच्याकडेच मोठ्या जमिनीही होत्या, त्यामुळे शेवटची आज्ञा थेट आर्थिक बहिष्काराचे रूप घेऊन आली.

या चळवळीकडे तत्कालीन सुशिक्षितांनी अंधश्रद्धेची लाट म्हणून पाहिले, आणि पुढे राष्ट्रीय चळवळीने तिला गांधीजींच्या प्रभावाचे फळ मानले. दोन्ही दृष्टिकोन अपुरे आहेत. देवाला दारू लागते ही सर्वांत अवघड समजूत होती, कारण ती मोडणाऱ्याला देवाच्या कोपाची भीती होती, आणि कोणत्याही बाहेरच्या सुधारकाला ती भीती घालवता आली नसती. ती घालवली ती देवीनेच दारू नाकारून. ज्या श्रद्धेने दारूला पवित्र ठरवले होते त्याच श्रद्धेच्या भाषेत दारूचे पावित्र्य काढून घेतले गेले, आणि म्हणून एका रात्रीत गावेच्या गावे दारू सोडू शकली. एकट्याने दारू सोडणाऱ्याला जातीत, लग्नात आणि पंचायतीत एकटे पडावे लागते. संपूर्ण गावाने सोडली तर न पिणे हीच रीत होते. दारूमुक्तीच्या आजच्या उपचारपद्धतींत समूहाला जे महत्त्व दिले जाते त्याचे मर्म या लोकांनी अनुभवातून गाठले होते. अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही परस्परसाहाय्याची संघटना सुरू झाली ती १९३५ मध्ये, म्हणजे त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी.

ही लाट टिकली नाही हेही सांगितले पाहिजे. दक्षिण गुजरातेत आज्ञा पाळत राहिलेले ‘वरजेला’ आणि पुन्हा दारूकडे वळलेले ‘सरजेला’ असे दोन तट पडले, एकाच गावात सोयरिकी आणि पंक्ती यांवरून वितुष्ट आले आणि ठेकेदारांनी परतणाऱ्यांना हाताशी धरले. परंतु दारू सोडून जगता येते हा अनुभव एकदा घेतलेला होता, आणि तो विसरला गेला नाही.

सोळा वर्षांनी तळोदा तालुक्यातील मोरवड येथे त्याला नवे रूप मिळाले. गुला महाराज हे भिल्ल समाजातील संत. १९३८ मध्ये त्यांच्याभोवती आरतीसाठी हजारो लोक जमू लागले. त्यांच्या शिकवणीत दारू व मांस वर्ज्य करणे, चोरी न करणे आणि स्वच्छ राहणे हे नियम होतेच, पण सर्वांत वेगळी गोष्ट ही की लहानथोर, स्त्रीपुरुष सर्वांनी एकमेकांना ‘आप’ म्हणावे असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यावरूनच हा पंथ ‘आप की जय’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या माणसाला मालक, फौजदार आणि दुकानदार आयुष्यभर अरेतुरे करत आले, त्याला शेजाऱ्याने ‘आप’ म्हणावे आणि त्यानेही शेजाऱ्याला तसेच म्हणावे, हा दारूसोडीचाच भाग होता. तुम्ही जन्मतः दारूबाज आहात या समजुतीचा पाया तुम्ही हलके आहात या समजुतीत असतो, आणि गुला महाराजांनी घाव घातला तो त्या पायावर. १९३८ मध्येच त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालवले, दारूच्या दुकानांचे गिऱ्हाईक तुटले, हितसंबंधी लोक बिथरले आणि सरकारने रामदास महाराजांवर हद्दपारीची कारवाई केली. दारूबंदीचे धोरण ज्या सरकारच्या कागदांत होते त्याच सरकारच्या यंत्रणेला स्वतःहून दारू सोडलेल्या आदिवासींची गर्दी धोक्याची वाटली, ही वस्तुस्थिती विसरण्याजोगी नाही.

या चळवळींवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे: मांस व दारू सोडून, रोज स्नान करून, आरत्या म्हणून आदिवासींनी वरिष्ठ जातींचीच मूल्ये उचलली आणि आपली रीत कमी प्रतीची आहे हे कबूल केले, असे त्याचे स्वरूप आहे. त्यात तथ्य आहे. मोहाच्या झाडाशी जोडलेले गाणे, विधी आणि पूर्वजांचे स्मरण यांतील काही त्या लाटेत हरवले असणार. परंतु दारू सोडणाऱ्यांनी वरिष्ठांचे अनुकरण करताना त्यांचे वर्चस्व झुगारण्याचे साधन मिळवले, हे हार्डिमन यांचे प्रतिपादन अधिक पटणारे आहे, कारण अनुकरण केवळ अनुकरणच असते तर दुकानदार आणि मालक एवढे अस्वस्थ झाले नसते.

दरम्यान राजकीय पातळीवर दारूबंदी हा काँग्रेसचा कार्यक्रम झाला होता. सविनय कायदेभंगात दारूच्या दुकानांसमोर निरोधने झाली, १९३१ च्या कराची ठरावात दारूबंदीचा समावेश झाला, डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पूर्व खानदेशात फैजपूर येथे भरले आणि पुढच्याच वर्षी प्रांतांत मंत्रिमंडळे आली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० मध्ये राज्यभर दारूबंदी लागू झाली.

कायद्याचा हेतू शुद्ध होता, पण त्याने समजुतींना हात लावला नाही. दुकान बंद झाले, दारूविषयी माणसाला काय वाटते ते तसेच राहिले, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत हातभट्टी वाढली. गूळ आणि नवसागर यांपासून घाईने गाळलेली ही दारू मोहाच्या दारूहून घातक होती, ती करणाऱ्याला पोलिसांचा हप्ता द्यावा लागे आणि म्हणून ती अधिकाधिक विकावी लागे. आबकारीच्या मक्त्याने निर्माण केलेला दबावच वेगळ्या मार्गाने परत आला. शिवाय मोहफुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर या कायद्याने नियंत्रण ठेवल्यामुळे फुले वेचणारी बाई कायद्याच्या नजरेत संशयित ठरली. १९६० च्या दशकात परवाने देऊन बंदी सैल करण्यात आली, १९७३ मध्ये देशी दारूच्या उत्पादन-विक्रीचे नियम झाले, आणि सरकारमान्य देशी दारूचे दुकान पुन्हा गावात आले.

नेमक्या त्याच काळात शहाद्यात स्त्रियांनी उरलेल्या समजुतीला हात घातला. आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांनी केलेली जागृती, मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे आदिवासींवर झालेला हल्ला आणि १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांमुळे सालदारी, मजुरी आणि गेलेल्या जमिनी हे प्रश्न ऐरणीवर आले होते. दुष्काळी कामांवर एकत्र आलेल्या स्त्रिया संघटनेच्या शिबिरांत बोलू लागल्या तेव्हा त्यांनी मजुरीच्या दराबरोबरच नवऱ्याच्या पिण्याचा आणि मारण्याचा विषय काढला, आणि तेथून थेट दारूच्या अड्ड्यांवर जाऊन मडकी फोडली. हे लोण एका गावातून दुसऱ्या गावात गेले. बायकोला मारणाऱ्या पुरुषांना गावासमोर जाब विचारला जाऊ लागला. मारिया मीस आणि गेल ऑम्वेट या अभ्यासक स्त्रियांनी या चळवळीची नोंद जगापुढे नेली.

राबून आलेल्या पुरुषाला दारूचा हक्कच आहे, तिच्याने त्याचा शीण जातो, ही समजूत देवीच्या आणि गुला महाराजांच्या चळवळींनी थेट तपासलेली नव्हती. शहाद्याच्या स्त्रियांनी ती तपासली, आणि त्यांचा युक्तिवाद साधा होता: त्याच शेतात, तेवढेच तास, कमी मजुरीवर राबून आलेल्या बाईचा शीण दारूवाचून उतरतो, मग त्याचा का उतरू नये? शरीरशास्त्रही त्यांच्याच बाजूचे आहे. दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात शरीरातील उष्णता बाहेर जाते. झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि थकवा दुसऱ्या दिवसावर जातो. आरोग्याला निर्धोक ठरेल असे दारूचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. याच्या जोडीला वैद्यकाने दिलेली एक सूचना महत्त्वाची आहे: वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर कंप, झटके आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, त्यामुळे अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. व्यसन हा मनाचा दुबळेपणा आहे, निश्चय केला की झाले, ही समजूतही म्हणूनच तपासून पाहण्याजोगी आहे. तिच्यामुळे कित्येक कुटुंबे मदत मागण्याऐवजी माणसाला दोष देत बसतात.

१९७० च्या दशकात केंद्र सरकारने आदिवासी भागांसाठी जे आबकारी धोरण सुचवले त्यात दारूची व्यापारी विक्री बंद करावी आणि आदिवासींना सामाजिक व धार्मिक प्रसंगांपुरती घरगुती दारू करू द्यावी, असा भेद प्रथमच स्पष्टपणे केला गेला. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या केंद्रीय कायद्याने, मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा वा ते नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेपर्यंत आणला. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, धुळ्यातील साक्री व शिरपूर आणि जळगावातील चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील अनुसूचित गावे या कायद्याच्या कक्षेत येतात. इंदलच्या रात्री पूर्वजांसाठी सांडायची धार आणि रस्त्याकडेच्या दुकानातली बाटली यांना एकच नियम लावायचा की वेगळा, देवाला दारूऐवजी नारळ चालतो की नाही, आणि हे ठरवताना बायकांचे मत किती मोजायचे, हे प्रश्न आता कायद्यानेही त्या गावांच्या सभेत मांडता येतात.